मोडीची जीप आणि मनिला शहर

युद्ध संपतें, परंतु युद्धाचें सामान संपत नाहीं. इ. स. १९४५ मध्यें जपान शरण आल्यावर फिलिपाइन्स बेटांतील अमेरिकन सैन्यापुढें हाच पेंच उभा राहिला. पडून असलेल्या जीपगाड्या मायदेशीं परत नेण्यांत त्यास फारसें स्वारस्य नव्हतें. त्यांतील पुष्कळशा तेथील लोकांना विकण्यांत आल्या, कांहीं नुसत्याच देऊन टाकण्यांत आल्या.

ही गाडी मुळांतच घाईंत जन्मलेली. १९४० सालीं अमेरिकन लष्करानें १३५ कारखान्यांकडे मागणी पाठविली व नमुना तयार करण्यास अवघी ४९ दिवसांची मुदत दिली. ती पाळण्याचें धाडस पेनसिल्व्हानियांतील बॅन्टम या लहानशा कंपनीनेंच केलें. पुढें मोठें कंत्राट मात्र विलीस कंपनीच्या पदरांत पडलें आणि फोर्डहि तीच गाडी बनवूं लागली. व्यापारांतला न्याय पुष्कळदां असाच असतो. ६० अश्वशक्तीचें एंजिन आणि चारहि चाकांना गति, यामुळें चिखल असो वा चढ असो, ती सहसा अडत नसे. युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या.

मनिला शहराची त्या वेळची अवस्था ध्यानांत घेतल्याविना या विक्रीचें महत्त्व कळावयाचें नाहीं. १९४५ च्या फेब्रुवारींत सुरू झालेल्या महिनाभराच्या लढाईंत सुमारें एक लाख नागरिक मेले. शहराची ट्राम उद्ध्वस्त झाली. लोकांना कामावर जावयाचें होतें आणि जाण्यास साधन नव्हतें. तेव्हां ज्यानें जीप घेतली त्यानें ती सहलीसाठीं घेतली नाहीं. तींतील बसण्याची जागा उतारूंना विकण्यासाठीं घेतली. परंतु चौघांच्या गाडीवर पोट कसें भरणार? कारागिरांनीं मागील भाग कापून सांगाडा लांबविला, उन्हापावसासाठीं पत्र्याचें छप्पर चढविलें, मागून चढण्याची वाट ठेवली आणि समोरासमोर दोन लांब बांकें बसविलीं. महाराष्ट्रांत वडापच्या जीपमध्यें गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या मनुष्यास ही रचना परकी वाटणार नाहीं. भाड्याचे पैसे उतारूंच्या हातोहातीं चालकापर्यंत पोंचतात. या गाडीस ‘जीपनी’ असें नांव पडलें.

लष्करी मळकट हिरव्या रंगाच्या जागीं तांबडे, पिवळे, निळे रंग आले. संतांचीं नांवें आलीं. आणि पुढच्या झांकणावर चकचकीत धातूचे घोडे उभे राहिले. ते उगीच नव्हेत. मनिलांत पूर्वीं ‘कालेसा’ नांवाचे टांगे चालत. ज्या लिओनार्दो सारावनें १९५३ सालीं लास पिन्यास येथें जीपनीचा प्रसिद्ध कारखाना काढला, तो स्वतः पूर्वीं टांगा हांकीत असे. त्याच्या कारखान्याची गाडी १९६४ च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनांत मांडली गेली; अमेरिकेनें टाकून दिलेली वस्तु नटून तिच्याच दारीं परत गेली!

जुन्या जीपांच्या शौकीन बाजारांत निराळेंच मोजमाप चालतें. फोर्डनें बनविलेल्या गाडीच्या बारीकसारीक भागांवर, बोल्टांच्या डोक्यांवरहि, ‘एफ’ हें अक्षर उठविलेलें असे. तें शाबूत आहे कीं नाहीं हें गिऱ्हाईक वांकून पाहतें. जिला कोणाचा हात लागला नाहीं तिला मोल अधिक. या हिशेबानें मनिलाची जीप म्हणजे बिघडविलेली वस्तु ठरते. हा हिशेब एकांगी आहे. जशीच्या तशी ठेवलेली जीप त्या शहराच्या कांहीं उपयोगाची नव्हती. कापून जोडलेल्या जीपनें शहर चालविलें आणि कित्येक कुटुंबें पोसलीं. पुढच्या जीपनींत युद्धकालीन लोखंड फारसें उरलें नाहीं, एंजिनेंहि जपानकडून आलेलीं जुनीं डिझेलचीं. आकार मात्र टिकला.

इ. स. २०१७ मध्यें फिलिपाइन्स सरकारनें जुन्या जीपनी काढून कमी धुराच्या नव्या गाड्या आणण्याची योजना सुरू केली. धुराची तक्रार खोटी नव्हती. परंतु नव्या गाडीची किंमत २० लाख पेसोंच्याहि वर, आणि परवाना टिकविण्यासाठीं सहकारी संस्थेंत किंवा कंपनींत सामील होणें सक्तीचें. २०२३ च्या मार्चांत व डिसेंबरांत चालकांनीं संप केले. सामील होण्याची मुदत ३० एप्रिल २०२४ रोजीं संपली. नवी गाडी घेणाऱ्यास सरकारनें आरंभीं देऊं केलेली मदत ८०,००० पेसोंची होती.