तळटीप : ‘स्लेडेस्ट’
‘स्लेडेस्ट’ : इंग्लंडमधल्या ‘स्लेड’ या ग्लॅम रॉक बँडच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह (पॉलिडॉर, १९७३). ब्रिटनमध्ये तो थेट पहिल्या क्रमांकावर गेला. जुनाच माल पुन्हा खपवला, असा शेरा अशा संग्रहांवर सहज मारला जातो; इथे तो अन्यायाचा ठरेल. कारण स्लेडची बरीच लोकप्रिय गाणी ब्रिटनमध्ये तोवर फक्त सिंगल म्हणून, छोट्या तबकड्यांवर निघाली होती. ‘कॉज आय लव्ह यू’ त्यांपैकीच. त्यात नॉडी होल्डरच्या खरखरीत, चढ्या आवाजाला जिम ली याचे व्हायोलिन बिलगून चालते, खाली बुटांचा ठेका दणाणत असतो. ते मुद्दाम मोठ्या आवाजात ऐकावे. ‘मेरी ख्रिसमस एव्हरीबडी’ मात्र या संग्रहात नाही. ते त्यानंतर, डिसेंबर १९७३मध्ये आले.