मिश्री ‘लावतात’

हिंदीत मिश्री म्हणजे खडीसाखर. मिस्र, म्हणजे इजिप्तच्या नावावरून आलेला शब्द. मराठी घरातली मिश्री वेगळी. तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजलेली आणि मग कुटून बारीक केलेली ती तंबाखू. कुठे तिला मशेरी म्हणतात. दात काळे करण्याची ‘मिस्सी’ तिच्या नात्यातली दिसते.

तंबाखू हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आला, मूळ कॅरिबियन बेटांकडचा. आपण त्याला क्रियापदं मात्र आपली दिली. तंबाखू मळतात, खातात, विडी ओढतात. मिश्री मात्र दाता-हिरड्यांना ‘लावतात’. तेल लावतात, कुंकू लावतात, तशी. या एका क्रियापदाने फार नुकसान केलं आहे. जे लावायचं ते व्यसन कसं असेल? दाढ ठणकते म्हणून सुरू झालेली मिश्री सकाळची एकदाची चार वेळांवर जाते, आणि तरीही ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला बाई मनापासून ‘नाही’ म्हणते. ती खोटं बोलत नसते. तिच्या भाषेत ती तंबाखू खातच नाही. हिरडीतून निकोटिन मात्र रक्तात उतरतच असतं. धूर नसलेल्या तंबाखूनेही तोंडाचा कर्करोग होतो, गर्भारपणी बाळाचं वजन कमी भरतं.

कायद्याने हा दंतमंजनाचा बुरखा ओळखला होता. 1992 मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्राने बंदी केली. पण घरच्या तव्यावर कायदा पोचत नाही. नावं बदलून निसटण्याची वाट बाजारालाही ठाऊक आहे: महाराष्ट्रात 2012 साली गुटखाबंदी आली, तर मसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी अशी विक्री सुरू झाली, गिऱ्हाईक दोन्ही तोंडात एकत्र करतो. ई-सिगारेटवर बंदी घालणाऱ्या 2019 च्या कायद्यात मात्र ‘कोणत्याही नावाने ओळखलं जाणारं’ असं उपकरण व्याख्येत घेतलं आहे. ही शहाणी व्याख्या आहे.

तीच शहाणीव दवाखान्यात हवी. आशाताई, परिचारिका, दातांचे डॉक्टर, सगळ्यांना विनंती: ‘तंबाखू खाता का?’ एवढ्यावर थांबू नका. ‘मिश्री लावता का? दिवसातून किती वेळा?’ हेही विचारा, आणि गर्भवतीला तर पहिल्याच भेटीत.