चंचल मूल, अवधान आणि ‘मेंदूचे प्रशिक्षण’ : एक ऐतिहासिक आढावा (विशेष संदर्भ : महाराष्ट्र)

प्रस्तावना

वर्गात एका जागी न बसणारे, सांगितलेले अर्धेच ऐकणारे, पाटी-पेन्सिल हरवून घरी येणारे मूल कोणत्याही पिढीला नवे नाही. मराठीने अशा मुलासाठी शब्दांचा मोठा साठा केला आहे : द्वाड, व्रात्य, अवखळ, धांदरट, वेंधळा, उनाड. यांपैकी एकही शब्द वैद्यकाचा नाही. सारे स्वभावाचे किंवा संस्काराचे आहेत. अशा मुलांपैकी काहींना ‘अवधान-न्यूनता व अतिक्रियाशीलता विकार’, म्हणजेच प्रचलित संक्षेपाने एडीएचडी, असे नाव मिळणे ही गेल्या सव्वाशे वर्षांतील घडामोड आहे आणि मराठी पालकांच्या बोलण्यात ते नाव येणे ही तर अगदी अलीकडची.

या मुलांसाठी आज ‘मेंदूचे प्रशिक्षण’ या नावाखाली संगणकीय खेळांपासून अबॅकसपर्यंत अनेक उपाय सुचविले जातात. त्यांची जाहिरात नव्या मेंदूविज्ञानाच्या भाषेत होते. परंतु त्यांच्या मुळाशी असलेले गृहीतक जुने आहे. एका कामात लक्ष लावण्याचा सराव केला, तर ते लक्ष दुसऱ्या कामात उपयोगी पडते, हे ते गृहीतक होय. शिक्षणशास्त्रात यास ‘अध्ययन संक्रमण’ म्हणतात आणि बी.एड.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने त्यावर परीक्षेत उत्तर लिहिलेले असते. प्रस्तुत निबंधात या गृहीतकाचा प्रवास, मुख्यतः महाराष्ट्राच्या संदर्भात, मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

पाठांतर आणि संक्रमणाचा प्रश्न

मराठी परंपरेत अवधान ही श्रोत्याकडून मागून घेण्याची गोष्ट आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा प्रारंभच श्रोत्यांकडे अवधान मागण्याने होतो. पंतोजींच्या शाळेत मात्र ते मागून घेतले जात नसे. पावकी, निमकी, दिडकी यांची उजळणी मोठ्याने, एका सुरात होई आणि ज्याचे लक्ष उडे त्याच्या पाठीवर छडी उठे. या पद्धतीतील क्रौर्य कोणी नाकारणार नाही. तरीही तिची एक बाजू सहसा नजरेआड होते. सामूहिक घोष, ताल आणि लगेच मिळणारी दाद यांमुळे लक्ष टिकविण्याचा भार एकट्या मुलावर पडत नसे. सोबतच्या आवाजात त्याचा आवाज ओढला जाई.

पाठांतराने स्मरणशक्तीच वाढते ही समजूत आपल्याकडे दृढ होती. युरोपातही लॅटिन व भूमितीच्या समर्थनार्थ हेच सांगितले जाई. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात यावर स्वतःवर केलेला प्रयोग नोंदविला आहे. त्यांनी व्हिक्टर ह्यूगोच्या एका काव्याच्या १५८ ओळी पाठ केल्या. त्यास सुमारे १३२ मिनिटे लागली. नंतर ३८ दिवस रोज मिल्टनचे काव्य पाठ करून स्मरणास व्यायाम दिला आणि पुन्हा ह्यूगोच्या तितक्याच नव्या ओळी घेतल्या. या वेळी सुमारे १५१ मिनिटे लागली! एका व्यक्तीवरचा प्रयोग म्हणून त्याची मर्यादा उघड आहे. पण १९०१ मध्ये थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी हाच प्रश्न प्रयोगशाळेत नेला. आयतांचे क्षेत्रफळ नजरेने अजमावण्याचा सराव झालेल्या व्यक्ती वेगळ्या आकाराच्या आकृत्यांपुढे त्या प्रमाणात तरबेज ठरल्या नाहीत. दोन कामांत जितके घटक समान, तितकेच संक्रमण, हा त्यांचा निष्कर्ष पुढे सर्व शिक्षण महाविद्यालयांत शिकविला गेला. त्याचे विस्मरण ज्या सहजतेने झाले, ते या विषयाच्या अभ्यासकाला थक्क करणारे आहे.

सेगँपासून कोसबाडपर्यंत

इंद्रियांच्या सरावातून अवधान घडविण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न फ्रान्समध्ये झाला. इतार यांनी १८०० नंतर अ‍ॅव्हेरॉनच्या रानात सापडलेल्या मुलाला शिकविण्याचा प्रयत्न केला आणि त्यांचे शिष्य एदुआर सेगँ यांनी मतिमंद मुलांसाठी साधनांवर आधारित पद्धती विकसित केली. मारिया मॉन्टेसरी यांनी सेगँचे लेखन बारकाईने अभ्यासले व तीच साधने सर्वसाधारण मुलांपुढे ठेवली. १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले. तेथील सुमारे तीन वर्षांची एक मुलगी लाकडी दट्ट्या त्यांच्या खोबणीत बसविण्यात इतकी रमली, की भोवती गाणे सुरू करूनही, ती बसलेली खुर्ची उचलूनही तिची एकाग्रता भंगली नाही. तिने तो खेळ चाळीसहून अधिक वेळा केला. मॉन्टेसरींच्या साऱ्या पद्धतीचे बीज या निरीक्षणात आहे.

ही धारा महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांच्यामुळे आली. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाईंनी १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाद्वारे बालशिक्षणाची चळवळ उभी केली. १९४५ मध्ये त्या बोर्डीस आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मॉन्टेसरींची महागडी साधने वारली पाड्यात परवडणारी नव्हती. म्हणून खडे, शिंपले, पाने, बिया ही साधने झाली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात भरावी हा अंगणवाडीचा विचार तेथेच रुजला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरांमागे हिंडणाऱ्या मुलाला चार भिंतींत बसविण्याचा हट्ट ताराबाईंनी धरला नाही, ही बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. मुलाच्या हालचालीस त्यांनी दोष मानले नाही, शाळेची रचना बदलली.

सातारा परिसरात याच काळात दोन वेगळे प्रयोग चालू होते. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार रुजविले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ या सूत्राने श्रमाला शाळेच्या दिनक्रमात स्थान दिले. या दोघांच्याही मनात अवधानाचा विकार ही कल्पना नव्हती. एकास बलोपासना अभिप्रेत होती, दुसऱ्यास बहुजनांचे शिक्षण. तथापि सकाळी अंग मोडून काम केलेले वा नमस्कार घातलेले मूल आणि पहाटेपासून शिकवणीच्या बाकावर बसलेले मूल यांच्या वर्गातील स्थितीत फरक असणार, हे शिक्षकास सांगावे लागत नाही. शारीरिक व्यायामाने अशा मुलांच्या अवधानात काही प्रमाणात सुधारणा होते असे अलीकडचे अभ्यास दाखवितात, मात्र तो उपचाराचा पर्याय ठरत नाही.

पुण्यात १९६२ मध्ये अप्पा पेंडसे यांनी स्थापिलेल्या ज्ञान प्रबोधिनीने वेगळी वाट घेतली. गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानावर आधारित चाचण्या तेथे मराठीत तयार झाल्या. या कामात उषा खिरे यांचा वाटा मोठा आहे. बुद्धी अनेक क्षमतांची बनलेली आहे व त्या सरावाने विकसित होतात, हा विचार मराठी मध्यमवर्गात रुजण्यास हे कार्य साहाय्यभूत ठरले. प्रबोधिनीचा रोख प्रज्ञावंतांकडे होता. बाजाराने पुढे त्यातील ‘सराव’ उचलला आणि ‘चाचणी’ बाजूस ठेवली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नाव, औषध आणि प्रमाणपत्र

लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ च्या व्याख्यानांत अशा काही मुलांचे वर्णन केले. त्यांनी त्यास नैतिक नियंत्रणातील दोष म्हटले, म्हणजे वैद्यकानेही प्रारंभी ‘व्रात्य’ हाच शब्द वेगळ्या पोशाखात वापरला. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी ३० मुलांना बेन्झेड्रिन दिले असता जवळपास निम्म्या मुलांच्या शालेय कामात ठळक सुधारणा दिसली. उत्तेजक औषधाने चंचल मूल स्थिरावते, हे त्या काळी कोडेच वाटले. १९४४ मध्ये तयार झालेले मेथिलफेनिडेट पुढे या उपचाराचे मुख्य औषध ठरले. भारतात ते १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील मनःप्रभावी द्रव्यांच्या यादीत आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीत १९६८ साली भर अतिक्रियाशीलतेवर होता, १९८० मध्ये तो अवधानावर आला आणि १९८७ मध्ये आजचे जोडनाव रूढ झाले. खिडकीबाहेर पाहत शांत बसणारी मुलगी या निदानात येऊ शकते, हे १९८० च्या बदलामुळे शक्य झाले. आपल्या वर्गांत आजही तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते.

महाराष्ट्रात हा विषय घरोघर पोहोचला तो परीक्षेच्या दारातून. १९९६ मध्ये राज्य शासनाने अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना सवलती देण्याचा निर्णय घेतला. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील अध्ययन अक्षमता चिकित्सालयाने या मुलांवर विपुल संशोधन प्रसिद्ध केले. अध्ययन अक्षमता व एडीएचडी एकाच मुलात आढळणे असामान्य नाही आणि निदान बहुधा उशिरा होते, हे त्यातून पुढे आले. प्रमाणपत्र देणारी केंद्रे प्रारंभी मोजकी व मोठ्या शहरांतच होती. २००७ च्या अखेरीस ‘तारे जमीं पर’ प्रदर्शित झाला; त्यातील शाळेचे चित्रीकरण आपल्याच जिल्ह्यात, पाचगणीस झालेले. त्या चित्रपटाने डिस्लेक्सिया हा शब्द घरोघर नेला. एडीएचडीला तसे भाग्य लाभले नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आले. विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. याउलट फेब्रुवारी २०१३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीसूचीत मात्र तो विकार नोंदलेला आहे. म्हणजे शासनाचा एक हात या मुलास शोधतो आणि दुसऱ्या हातात त्याच्यासाठी रकाना नाही.

संगणकाचा पडदा आणि बांधलेले डोळे

निदान आहे, पण उपचाराची वाट लांब आहे, या पोकळीत मेंदू-प्रशिक्षणाचा बाजार वाढला. त्याचे सर्वच रूप भोंदूपणाचे नाही, हे प्रथम नमूद केले पाहिजे. न्यूरोफीडबॅकचा उगम १९६० च्या दशकात बॅरी स्टर्मन यांनी मांजरांवर केलेल्या प्रयोगांत आहे. १९७६ मध्ये जोएल लुबार यांनी एका अतिचंचल मुलावर त्याचा वापर प्रसिद्ध केला. डोक्यावर विद्युताग्रे लावून मेंदूलहरी पडद्यावर दाखवायच्या आणि अपेक्षित लहर आली की मुलास बक्षीस मिळायचे, ही त्याची रीत. स्वीडनमध्ये टॉर्केल क्लिंगबर्ग यांनी २००२ मध्ये कार्यस्मृतीच्या संगणकीय सरावाचे आशादायक निष्कर्ष मांडले. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी एका संगणकीय खेळास डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वापरण्याची परवानगी दिली.

परंतु थॉर्नडाइकचा प्रश्न येथेही आडवा आला. सराव केलेल्या खेळात मुले निश्चित सुधारली. ज्या निरीक्षकांना कोणाला उपचार मिळाला हे ठाऊक नव्हते, त्यांच्या नोंदींत मात्र वर्गातील वागणुकीत फारसा फरक दिसला नाही, असे २०१५ च्या एका व्यापक आढाव्यात आढळले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूरोफीडबॅकच्या चाचणीत खरा आणि लुटुपुटीचा, दोन्ही उपचार घेणारी मुले सारखीच सुधारली. चिठ्ठीवर मिळणाऱ्या त्या खेळाच्या चाचणीतही लाभ दिसला तो संगणकीय अवधानचाचणीत. पालकांच्या नोंदींत तुलनागटापेक्षा वेगळेपण नव्हते. जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ल्युमॉसिटी या कंपनीच्या फसव्या दाव्यांबद्दल २० लाख डॉलरची तडजोड घडवून आणली. अशी छाननी आपल्याकडील वर्गांच्या वाट्यास क्वचितच येते.

आपल्याकडे तर याहून पुढची मजल गेली. गेल्या दशकात ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’ची शिबिरे भरू लागली, डोळ्यांवर पट्टी बांधलेले मूल वाचून दाखवी आणि टाळ्यांच्या गजरात पालक हजारो रुपये भरीत. नाकाच्या कडेने उरणाऱ्या फटीतून ते वाचत असे. मध्यमेंदू हा डोळ्यांची हालचाल, जागृतावस्था अशा मूलभूत गोष्टींशी निगडित भाग आहे. तो ‘सुप्त’ असता तर मूल शिबिरापर्यंत चालत आलेच नसते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी या दाव्याला जाहीर आव्हान दिले. या समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, हे वाचकांस सांगणे नको. पैशांच्या नुकसानीपेक्षा गंभीर गोष्ट अशी, की त्या मुलाला साऱ्या घरासमोर खोटे वागण्याचे शिक्षण मिळत होते, आणि ज्याचे लक्ष खरोखर टिकत नाही अशा मुलाच्या निदानाची वर्षे त्यात जात होती.

याउलट ज्यास पुरेसा आधार आहे ते सारे अनाकर्षक आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७९ मुलांच्या अमेरिकन चाचणीत काळजीपूर्वक दिलेल्या औषधाचा मुख्य लक्षणांवर सर्वाधिक परिणाम दिसला. लहान वयात आधी पालकांना वर्तन-व्यवस्थापन शिकवावे, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. आणि शाळेत : पुढचा बाक, एका वेळी एकच सूचना, कामाचे लहान तुकडे, मध्ये उठण्याची मुभा. यात विकण्याजोगे काही नाही, म्हणून त्याची पाटी कोठे लागत नाही.

दप्तरातील पुरावा

मलकापुरात १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुणे-बंगळूर महामार्गावरील या गावातील पालकास तज्ज्ञाकडे जाणे तुलनेने सुकर आहे. जत किंवा पाटणच्या डोंगरपट्ट्यातील पालकास ते तसे नाही. यापूर्वीच्या शंभर वर्षांत या दोन जिल्ह्यांतील अशा मुलांचे काय झाले, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावयास हवा. त्याचा पुरावा अगदीच दुर्लभ नाही. जुन्या प्राथमिक शाळांच्या जनरल रजिस्टरमध्ये आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यांत ‘अभ्यासातील प्रगती’, ‘वर्तणूक’ आणि ‘शाळा सोडल्याचे कारण’ असे रकाने असतात. ‘बरी’, ‘चांगली’, ‘सतत गैरहजर’ या साचेबंद शेऱ्यांमागे चौथीत अडकलेली, सातवीत गळालेली, पुढे उसाच्या फडात किंवा मुंबईच्या गिरणीत गेलेली मुले आहेत. त्यांपैकी किती जणांना केवळ पुढच्या बाकाची गरज होती, हे त्या रजिस्टरांवरून सिद्ध होणार नाही. परंतु एकाच शाळेची पन्नास वर्षांची रजिस्टरे, गळतीचे वय आणि हयात माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती एकत्र ठेवल्यास या प्रदेशातील ‘उनाड’ या शब्दाचा इतिहास लिहिता येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना लघुप्रबंधासाठी हा विषय देता येण्याजोगा आहे आणि रजिस्टरांचे कागद जीर्ण होत असल्याने तो लवकर द्यावयास हवा.