एक पौंड धान्य

हुबळीतील केशवापूर हा भाग रेल्वेच्या सहवासात वाढला. जवळच गदग मार्गावर दक्षिण पश्चिम रेल्वेचे मुख्यालय आहे. या मुलखात लोहमार्ग का आले, याचे एक उत्तर मात्र व्यापारात नसून रिकाम्या पोटात सापडते. सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी १८८२ साली स्थापन झाली, आणि तिचा होटगी-गदग मार्ग १८८४ मध्ये वाहतुकीस खुला झाला. सरकारी हमीवर बांधलेल्या अशा मार्गांना ‘दुष्काळी मार्ग’ म्हणत. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने ते बांधणे भाग पाडले होते. त्याच दुष्काळात, माणसाच्या देहाला रोज किती आणि काय अन्न लागते, हा प्रश्न सरकारी कागदांवर प्रथमच इतक्या उघडपणे मांडला गेला.

१८७६ साली दख्खनात पाऊस फसला. धारवाड जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यात होता, तर शेजारचा बळ्ळारी मद्रास इलाख्यात. दोन्हीकडे दुष्काळी कामे निघाली. १८७७ च्या आरंभी व्हाइसरॉय लिटन यांनी पाहणीसाठी सर रिचर्ड टेंपल यांना पाठविले. या गृहस्थांनी १८७४ मध्ये बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून असंख्य जीव वाचविले होते, आणि त्याबद्दल उधळपट्टीचा ठपकाही पदरात घेतला होता. दुसऱ्या खेपेस त्यांनी हात आखडला. कामावरच्या पुरुषास रोज एक पौंड धान्य आणि एक आणा, स्त्रियांना व मुलांना त्याहून थोडे कमी, असा दर त्यांनी ठरविला. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. त्यावर दिवसभर माती वाहायची आणि खडी फोडायची!

मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांना हे मान्य नव्हते. श्रम करणाऱ्या माणसास किमान दीड पौंड धान्य हवे, शिवाय भाजीपाला आणि डाळीसारखे पौष्टिक अन्न हवे, असा त्यांचा आग्रह होता. वाद अर्ध्या पौंडाचा दिसतो, पण खरा मतभेद निराळाच होता. टेंपल यांच्या हिशेबात अन्न म्हणजे धान्य, आणि धान्य म्हणजे खर्च. कॉर्निश यांना छावणीतले देह दिसत होते. मार्च १८७७ मध्ये मद्रास सरकार निम्मी वाट चालून आले: सव्वा पौंड धान्य आणि दीड औंस डाळ.

मुंबई इलाख्यातही मजुरी उतरविली गेली, तेव्हा हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. त्यांची बाजू पुण्याच्या सार्वजनिक सभेने हिरिरीने मांडली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हे त्या सभेचे प्राण होते. त्याच वर्षी टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले, हा इतिहासाचा एक कडवट विनोद म्हणावा लागेल. ब्रिटिश मुलखातच या दुष्काळाने पन्नास लाखांहून अधिक माणसे गिळली, असा अंदाज केला जातो. १८७२ नंतरची खानेसुमारी १८८१ साली झाली, तेव्हा धारवाड जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटलेली आढळली.

आजच्या आहारशास्त्राच्या तराजूत तो एक पौंड कसा उतरतो? तितक्या जोंधळ्यातून सुमारे दीड हजार उष्मांक मिळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये कष्टकरी पुरुषाची गरज साडेतीन हजारांच्या जवळपास धरली आहे. त्या काळचा मजूर अंगाने किरकोळ होता असे मानले, तरी तफावत भरून निघत नाही. एका आण्यात मीठमिरची, भाजी आणि सरपण भागवायचे होते, आणि भाव तर आभाळाला टेकलेले!

पण नुसते धान्य वाढवूनही काम भागले नसते. जोंधळ्यात लायसिन हा प्रथिनांचा घटक थोडा असतो. डाळींत तो भरपूर सापडतो. भाकरीबरोबर मटकीची उसळ किंवा डाळीचे वरण खाणाऱ्या गृहिणीला ही विद्या नाव न कळताही अवगत होती. केवळ जोंधळ्यावर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग आढळतो. त्यात उन्हाला उघडी असणारी कातडी काळवंडून सोलवटते, पोट बिघडते, बुद्धीही भ्रमते. सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये या रोगाचा संबंध जोंधळ्यातील ल्युसिनच्या आधिक्याशी जोडला. त्यापूर्वी कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी उंदरांना निरनिराळ्या प्रांतांचे आहार देऊन पाहिले होते, आणि त्यांत मराठी व कन्नड ही दोन्ही ताटे होती. गहू, दूध, डाळ आणि भाज्या असलेल्या शीख आहारावरचे उंदीर सर्वांत सुदृढ निघाले. भातावर भर असलेल्या मद्रासी आहारावरचे सर्वांत अशक्त.

कॉर्निश यांच्या मागणीतला डाळीचा वाटा पुढे सरकारी ताटात हळूहळू शिरला. कर्नाटकातील शाळांत २०१३ पासून मुलांना दूध मिळू लागले. २०२१ च्या डिसेंबरात राज्याच्या काही उत्तरेकडील जिल्ह्यांत माध्यान्ह भोजनाबरोबर अंडे सुरू झाले, आणि पुढच्या वर्षी ते राज्यभर पोहोचले. अंडे न खाणाऱ्या मुलांसाठी केळे किंवा शेंगदाण्याची चिक्की ठेवण्यात आली.