पाकळी-सिंहासनाचा उर्दू प्राध्यापक

व्हिडिओ गेमविषयी आमची काही मते आहेत आणि ती कुणालाच फारशी आवडत नाहीत. घरातल्या बुजुर्गांना आवडत नाहीत, कारण या खेळांना आम्ही नुसता वेळेचा नास मानत नाही. पोराबाळांना आवडत नाहीत, कारण ज्यांना ते मोठ्या अभिमानाने ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात त्यांत रोल, म्हणजे भूमिका, जवळजवळ शिल्लकच नाही असे आमचे म्हणणे आहे. हे नुसते सांगून पटत नाही. त्यासाठी पन्नासेक वर्षे मागे, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात जावे लागते. आणि तिथे गेले की एक असा माणूस भेटतो, ज्याच्या नावानेच आपल्यापैकी कोणाचेही कान टवकारावेत : मुहम्मद अब्द-अल-रहमान बार्कर.

त्याच्याकडे वळण्याआधी आपल्या समाजाच्या एका जुन्या तक्रारीचा उल्लेख करायला हवा. सायबर कॅफेंच्या काळात आपल्या मोहल्ल्यांतली मुले तासावर पैसे मोजून ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळत. २००२ मध्ये तर खुद्द अमेरिकी लष्कराने भरतीच्या प्रचारासाठी ‘अमेरिकाज आर्मी’ नावाचा खेळ फुकट वाटला. या धर्तीच्या कितीतरी खेळांत वाळवंट, मिनार, अरबी पाट्या आणि त्यांच्या आडून डोकावणारा दाढीवाला शत्रू हे नेपथ्य ठरून गेले होते. आपली मुले त्या दाढीवाल्यावर गोळ्या झाडत आणि गुण मिळवत. तक्रार रास्तच होती. तिला उत्तर म्हणून दमास्कसच्या दार अल-फिक्र या प्रकाशनसंस्थेने २००१ मध्ये ‘तहत अल-रमाद’, म्हणजे ‘राखेखाली’, हा खेळ काढला. पहिल्या इंतिफादातला एक पॅलेस्टिनी तरुण त्याचा नायक. निरपराध नागरिकांवर गोळी झाडली तर त्यात खेळ संपतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी. तरीसुद्धा आम्हाला वाटते की तिथे बंदुकीची नळी फक्त उलट्या दिशेला वळली. खेळाचा साचा तोच राहिला.

साचा बदलण्याची ताकद दुसऱ्या एका परंपरेत होती. मिनेसोटातल्या मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत १९६० च्या दशकाच्या अखेरीस काही तरुण टेबलावर शिशाचे सैनिक मांडून नेपोलियनच्या काळातल्या लढाया खेळत. १९६९ च्या सुमारास डेव्हिड वेस्ली या तरुणाने ‘ब्राउनस्टाइन’ नावाचा डाव मांडला. त्यात पलटणींच्या जोडीला गावातली माणसेही होती, आणि प्रत्येक खेळाडूला एकेक माणूस होऊन बोलायचे होते. त्याच मंडळातल्या डेव्ह आर्नेसनने ही कल्पना जादू, किल्ले आणि तळघरांच्या दुनियेत नेली. गॅरी गायगॅक्सने तिला नियमांत बसवले आणि १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची होती.

हा खेळ न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. टेबलाभोवती चारपाच जण बसतात. एक जण कथा सांगतो : तुम्ही वेशीपाशी पोचला आहात, पहारेकरी झोपलेला आहे. बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने बोलतात : मी त्याला उठवतो, मी त्याला सलाम करून लाच देतो, मी भिंतीवरून चढतो. निकाल संशयास्पद असेल तेव्हा फासे टाकतात. मग कथाकार पुढचे सांगतो. ज्यांनी दास्तानगोईविषयी वाचले आहे त्यांना हे मुळीच परके वाटणार नाही. लखनऊच्या नवलकिशोर प्रेसने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापलेल्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’मधला अय्यार वेष पालटतो, शत्रूच्या गोटात शिरतो, जादूने बांधलेल्या प्रदेशाची किल्ली शोधतो. फरक इतकाच की लखनऊचा श्रोता ‘वाह’ म्हणत असे आणि मिनेसोटातला श्रोता मध्येच उठून स्वतःच अय्यार होत असे.

संगणकाने या खेळातले काय घेतले? आमचा वाद इथे आहे. १९७५ च्या आसपास इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या संगणक व्यवस्थेवर विद्यार्थ्यांनी त्याच्या नकला तयार केल्या. १९८१ मध्ये ‘अल्टिमा’ आणि ‘विझर्ड्री’ आले. त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन जपानमध्ये युजी होरी यांनी १९८६ मध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ केला, आणि तिथून ही लाट जगभर गेली. संगणकाला हिशेब उत्तम येत होता, संभाषण येत नव्हते. म्हणून त्याने हिशेब उचलला. पात्राची ताकद किती अंक, मार किती अंक, अनुभव किती अंक, कितव्या लेव्हलला पोचला. टेबलावर हे आकडे एका कोपऱ्यात कागदावर असत. पडद्यावर तेच सर्वस्व झाले. आज मोबाइलवरचा कुठलाही खेळ उघडा, लेव्हल चढवायची असतेच. ‘प्लेनस्केप : टॉर्मेंट’ (१९९९) किंवा ‘डिस्को एलिझियम’ (२०१९) अशा थोड्या खेळांत तलवारीपेक्षा बोलण्याला मोल आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण बहुतांश ठिकाणी भूमिका म्हणजे पोशाख आणि हत्यार.

आता बार्कर. १९२९ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन गावी जन्म, मूळ नाव फिलिप. भाषाशास्त्राचा विद्यार्थी. १९५१ च्या सुमारास फुलब्राइट शिष्यवृत्तीवर हिंदुस्थानात आला आणि इथेच त्याने इस्लाम स्वीकारला. कारण निव्वळ धर्मशास्त्रीय होते, हा धर्म आपल्याला अधिक तर्कसंगत वाटला, असे त्याने पुढे सांगितले. मायदेशी परतल्यावर ऑरेगनमधल्या क्लॅमथ या आदिवासी जमातीच्या भाषेचे व्याकरण आणि शब्दकोश त्याने सिद्ध केला. मग मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाच्या इस्लामी अध्ययन संस्थेत अध्यापन, मध्ये काही काळ लाहोर. १९६७ मध्ये ‘अ कोर्स इन उर्दू’ हे पाठ्यपुस्तक, १९६९ मध्ये बलुची भाषेचे. १९७२ मध्ये तो मिनेसोटा विद्यापीठात आला, म्हणजे नेमका त्याच जुळ्या शहरांत.

या प्राध्यापकाच्या डोक्यात लहानपणापासून एक दुनिया वाढत होती. तिचे नाव टेकुमेल. तिथली राज्ये, घराणी, देवळे, लिप्या, सारे त्याने वर्षानुवर्षे लिहून ठेवले होते. एका विद्यार्थ्याने त्याला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ दाखवला आणि काही आठवड्यांत त्याने आपल्या दुनियेसाठी नियम लिहून काढले. १९७५ मध्ये गायगॅक्सच्या कंपनीनेच ते ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’, म्हणजे पाकळी-सिंहासनाचे साम्राज्य, या नावाने छापले. नुसते नियम न देता एक अख्खी दुनिया तपशिलासह देणारा या प्रकारातला तो पहिला छापील खेळ मानला जातो. आर्नेसन स्वतः बार्करच्या टेबलावर खेळायला बसत असे.

आमच्या मते तो त्या काळातला सर्वांत श्रेष्ठ भूमिका-खेळ आहे. हे मत त्या क्षेत्रातही अल्पमतातलेच. बाकीच्यांनी टॉल्किनची युरोपी परीकथा, ते बुटके आणि टोकदार कानांचे लोक, उसने घेतले. बार्करची दुनिया दक्षिण आशिया, प्राचीन इजिप्त, माया आणि अॅझ्टेक संस्कृती यांच्या मातीतून उगवली. तिथे लोखंड दुर्मीळ, म्हणून चिलखते एका जनावराच्या कातड्याची. माणूस ओळखला जातो तो त्याच्या कुळावरून. त्सोल्यानी ही तिथली भाषा घडवताना त्याने उर्दू, पश्तो, माया आणि नावाट्ल या भाषांकडे पाहिले. तिची लिपी उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. ‘तू’ म्हणायला तिच्यात अनेक रूपे आहेत, कोण कोणाशी बोलतो त्यावर रूप ठरते. तू, तुम आणि आप यांत चूक झाली तर मैफलीत काय होते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही कल्पना कुठून सुचली असावी हे सांगायला नको.

आणि खेळाची सुरुवात पाहा. खेळाडू म्हणजे कोणी राजपुत्र वा शूर सरदार नव्हे. तो परक्या मुलखातून गलबतावर बसून जकाल्ला नावाच्या बंदरात उतरलेला रानटी आहे. त्याला परदेशीयांच्या वस्तीतच राहायचे आहे. शहरात कुणासमोर किती झुकायचे, कुठे पाऊल टाकायचे नाही, हे शिकेपर्यंत त्याची तलवार काही कामाची नाही. अदब चुकली तर जीव जातो. परक्या शहरात पाहुणा, मजूर किंवा भाडेकरू म्हणून गेलेल्या कोणालाही हा अनुभव खेळ वाटणार नाही. पैशाच्या बाजारात मात्र हा डाव मागे पडला. मूळ खेळ दहा डॉलरला आणि हा पंचवीस डॉलरला, हे एक कारण. तितकेच मोठे दुसरे कारण म्हणजे तो शिष्टाचाराचा अभ्यास मागत होता. खेळायला बसलेल्याला राक्षस मारायचे असतात.

एक प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात येईलच : मुसलमान माणसाने वीस कल्पित देवांची दुनिया कशी रचली? त्या देवांपुढे नरबळीही दिले जातात. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात काही ख्रिस्ती मंडळींनी अशा खेळांवर सैतानपूजेचा आळ घेतला होता, आणि आपल्याकडेही असे म्हणणारे निघतील. आम्हाला हा आक्षेप टिकाऊ वाटत नाही. अमीर हमजाच्या दास्तानात लका हा चक्क खुदाईचा दावा करणारा इसम आहे, आणि ती दास्तान चवीने ऐकणारे नमाजी लोक होते. कथेतला कुफ्र आणि मनातला कुफ्र यांतला फरक आपल्या पूर्वजांना समजत होता.

इथवर लिहून थांबलो असतो तर लेख फार गोड झाला असता. आपल्याला आवडणारे सगळे त्यात आहे : उर्दूवर प्रेम करणारा अमेरिकी, इस्लामचा स्वीकार, आणि ज्या क्षेत्रात आपले कोणी नाही म्हणून आपण कुढत होतो तिथे अगदी पायाशी असलेले एक मुसलमान नाव. पण १९९१ मध्ये अमेरिकेत ‘सर्पंट्स वॉक’ नावाची कादंबरी निघाली. लेखकाचे नाव रँडॉल्फ डी. कॅल्व्हरहॉल. हिटलरचे एसएस सैनिक युद्धानंतर भूमिगत होतात आणि त्यांचे वारस पैसा व प्रसारमाध्यमे ताब्यात घेऊन पुढच्या शतकात सत्तेकडे सरकतात, असे तिचे कथानक, आणि लेखकाची सहानुभूती त्यांच्याच बाजूला. प्रकाशक होती विल्यम पिअर्स याच्या ‘नॅशनल अलायन्स’ या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी संघटनेची प्रकाशनसंस्था. मार्च २०२२ मध्ये, म्हणजे बार्करच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, त्याच्या साहित्याची जपणूक करणाऱ्या टेकुमेल फाउंडेशनने जाहीर केले की कॅल्व्हरहॉल म्हणजे बार्करच. शिवाय ज्यूंचा संहार झालाच नाही असे सांगणाऱ्या ‘जर्नल ऑफ हिस्टॉरिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकाच्या सल्लागार संपादक मंडळावरही तो होता.

हे कळल्यावर काही खेळाडूंनी ती दुनिया सोडली, काही अजून खेळतात. तो त्यांचा प्रश्न. आमच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. आपल्यात तीन तऱ्हेची माणसे या बातमीवर काय म्हणतील ते आम्हाला आत्ताच ऐकू येते. एक म्हणेल, कशाला वाच्यता करता, एवढे एक तर नाव आहे. दुसरा म्हणेल, तो खरा मुसलमान नव्हताच. ही पळवाट सोयीची आहे, पण कोणाचे ईमान तोलायचा काटा आमच्या हाती नाही. त्याने कलमा पढला हेही खरे आणि ती कादंबरी लिहिली हेही खरे.

तिसरा जे म्हणेल त्याचीच आम्हाला जास्त काळजी वाटते. तो म्हणेल, गाझात काय चालले आहे ते पाहा, मग ज्यूंविरुद्ध कोणी लिहिले तर आपले काय बिघडले? हिटलरचे आत्मचरित्र आपल्याकडे फुटपाथवर आणि रेल्वे स्टेशनांवरच्या बुकस्टॉलवर उघड विकले जाते. ते कौतुकाने घेणाऱ्यांत आपली मुलेही असतात. इस्राएलच्या बॉम्बवर्षावाचा निषेध करायला साठ लाख मुडदे खोटे ठरवावे लागत नाहीत. उलट, ते खोटे ठरवणारा उद्या देर यासीनही खोटे ठरवू देईल, गुजरातही. आपल्यावरच्या प्रत्येक दंगलीनंतर ‘एवढे मेलेच नाहीत’ म्हणणारे आपण पाहिले आहेत. वैर असले तरी न्याय सोडायचा नाही, ही सूरह माइदातली ताकीद इथे लागू होत नाही असे ज्याला वाटते, त्याने ती पुन्हा वाचावी. आणि पिअर्सच्या संघटनेच्या स्वप्नातल्या राज्यात उर्दू बोलणाऱ्या काळ्यासावळ्या माणसाला काय जागा असती, हेही मनात आणावे.

म्हणून बार्करचे नाव आपल्या अभिमानाच्या यादीत नको, असे आम्ही म्हणतो. त्याचा खेळ मात्र इतिहासातून खोडू नये. पाकळी-सिंहासनाचा डाव श्रेष्ठ आहे हे मत आम्ही मागे घेत नाही. तो वाचताना आता कुळांची उतरंड, गुलामांचे बाजार, साम्राज्याची ती शिस्त यांकडे आमची नजर जरा जास्त रेंगाळते, इतकेच.

‘अ कोर्स इन उर्दू’वर लेखक म्हणून बार्करच्या जोडीला आणखी तीन नावे आहेत : हसन जहांगीर हमदानी, ख्वाजा मुहम्मद शफी देहलवी आणि शफीकुर्रहमान. खेळांच्या इतिहासात त्यांचा उल्लेख असण्याचे कारण नाही. पण उर्दू येत नसलेल्या परक्या मुलांना अलिफपासून उर्दू शिकवणाऱ्या माणसांवर आपल्यापैकी कोणाला लिहायचे असेल, तर ही तीन नावे अजून मोकळी आहेत.