ब्राउन एल : नाव जुनं, घराणं नवं

इंग्लिश ब्राउन एल, म्हणजे तपकिरी बिअर, चाखून गुण द्यायला बसलेल्या परीक्षकापुढे पन्नास गुणांचा तक्ता असतो. वासाला १२, रंगरूपाला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते याला ५ आणि एकूण मताला १०. ‘बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम’ या अमेरिकेत सुरू झालेल्या संस्थेची ही वाटणी. जिच्या नावातच रंग आहे, तिच्या रंगरूपाला अवघे तीन गुण! पण ते योग्यच आहे. कारण या बिअरच्या इतिहासात सगळ्यात जास्त फसवाफसवी रंगानेच केली आहे.

सतराव्या-अठराव्या शतकातलं लंडन तपकिरी बिअरच पीत होतं. आपण नाचणीसत्त्वासाठी नाचणीला मोड आणतो, तसे तिथे जवाला मोड आणायचे आणि ते भट्टीत लाकडाच्या जाळावर सुकवायचे. दाणा तांबूस-तपकिरी व्हायचा, धुराचा वास धरायचा. हे ब्राउन माल्ट. याच तपकिरी बिअरमधून पुढे पोर्टर ही गडद बिअर निघाली आणि तिने लंडन काबीज केलं.

ब्राउन माल्टवर गंडांतर आलं ते हिशेबामुळे. १७८४ साली जॉन रिचर्डसनने सॅकरोमीटर कसा वापरायचा यावर पुस्तक लिहिलं. माल्टच्या काढ्यात साखर किती उतरली हे या उपकरणाने मोजता येऊ लागलं, आणि तपकिरी माल्ट दिसायला स्वस्त असलं तरी त्यातून साखर फिक्या माल्टपेक्षा बरीच कमी निघते हे उघड झालं. बिअरवाले फिक्या माल्टकडे वळले. रंगाचं काय, हा प्रश्न १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने सोडवला. फिरत्या लोखंडी पिंपात माल्ट काळंभोर भाजायची युक्ती त्याने पेटंट केली. असं थोडंसं माल्ट घातलं की फिकी बिअर हवी तेवढी गडद. जुनी तपकिरी एल तोवर बाजूला पडली होतीच.

आज आपण जिला ब्राउन एल म्हणतो, ती १९०२ ची. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या ‘मॅन, क्रॉसमन अँड पॉलिन’च्या अल्बियन ब्रुअरीत थॉमस वेल्स थॉर्पने ती बाजारात आणली. गडद, गोड, बाटलीबंद. ‘लंडनमधली सगळ्यात गोड बिअर’ अशी तिची जाहिरात होती. खरा खप वाढला पहिल्या महायुद्धानंतर. पबातल्या पिंपाच्या बिअरचा भरवसा नसायचा. म्हणून गिऱ्हाईक अर्धा पिंट माइल्ड ही पिंपाची बिअर घ्यायचं आणि वरून ब्राउन एलची बाटली ओतून तिला जिवंत करायचं. थॉर्पची ही एल ‘मॅन्स’ नावाने अजून मिळते, फक्त २.८ टक्के मद्यार्काची.

इंग्लंडच्या उत्तरेत वेगळीच बहीण जन्मली. १९२७ मध्ये कर्नल जिम पोर्टरने न्यूकॅसल ब्राउन एल आणली; लंडनच्या एलपेक्षा फिकी, कडक आणि कमी गोड. पुढच्याच वर्षी लेबलवर निळा तारा आला. त्याची पाच टोकं म्हणजे एकत्र येऊन कंपनी झालेल्या पाच ब्रुअऱ्या. न्यूकॅसलमध्ये ती भल्या ग्लासात एकदम ओतत नाहीत. छोटा ग्लास घेऊन बाटलीतून वरचेवर भरत राहतात, म्हणजे फेस टिकतो. २००० साली युरोपीय संघाने तिला भौगोलिक संरक्षण दिलं : न्यूकॅसलमध्ये बनली तरच न्यूकॅसल. आणि २००५ मध्ये मालकांनी कारखाना नदीपलीकडे गेट्सहेडला हलवला! मग स्वतःच अर्ज करून ते संरक्षण रद्द करून घ्यावं लागलं. २०१० मध्ये ती यॉर्कशायरमधल्या टॅडकॅस्टरला गेली. माझ्या मते जन्मगाव सुटलं तिथेच ‘पारंपरिक’ हे बिरुद सैल झालं.

परीक्षकांचे नियमही स्थिर नाहीत. आधी दक्षिणी आणि उत्तरी असे दोन वर्ग होते. २०१५ मध्ये उत्तरी ‘ब्रिटिश ब्राउन एल’ झाली आणि लंडनवालीची रवानगी ऐतिहासिक बिअरच्या यादीत झाली. धाकटी बहीण घरची मालकीण, थोरली तसबिरीत.

मग चाखायची कशी? फ्रिजमधून काढल्या काढल्या नाही. बारा अंशांच्या आसपास आली की टोस्ट, करपायच्या आधीची साखर, थोडा अक्रोडासारखा वास उघडतो. बिअरला कडूपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांचा कडूपणा गोडी आवरण्यापुरता हवा, पुढे येता कामा नये. सॅम्युअल स्मिथ या ब्रुअरीच्या नट ब्राउन एलमध्ये हा तोल मला सगळ्यात नीट सापडतो. चाळिशीतले गुण तिला निःसंकोच द्यावेत. ‘मॅन्स’ला वेगळ्या मापाने मोजा, नाहीतर उगीच नापास कराल. आणि बाटली पारदर्शक काचेची असेल, तर दुकानातल्या दिव्याखाली मांडलेली उचलू नका. उजेडाने हॉप्स बिघडतात आणि बिअरला उग्र वास येतो. मागच्या बंद खोक्यातली मागा.