लग्नाची सीडी कुणी जाळली नाही

फुलसावंगीच्या घरी बहिणीच्या लग्नाच्या दोन सीड्या आहेत. एकीत ७४ मिनिटंच मावत, म्हणून ‘भाग १’ आणि ‘भाग २’. परवा भाग १ हातातून पडून तडकली. आई चटकन म्हणाली, “तुटली म्हणू नको रे, वाढली म्हण.” तिथून शब्दांचा हा विचार सुरू झाला.

अशा सीडीचा बाकीचा इतिहास ठाऊकच आहे. कॅमेऱ्याची कॅसेट, मग पुसदला मिक्सिंग, मग १९९३ साली ठरलेल्या व्हीसीडीच्या साच्यात ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं चित्र. माझा प्रश्न शेवटच्या, हे चित्र सीडीवर उतरवण्याच्या पायरीचा आहे. इंग्रजीत तिला ‘बर्न’, म्हणजे जाळणं म्हणतात, आणि ते खरंही आहे. कोऱ्या सीडीतला रंगद्रव्याचा थर लेझरनं तापतो आणि तिथं कायमचा डाग पडतो. ‘नीरो बर्निंग रॉम’ या जर्मन प्रोग्रॅमनं तर रोम जळण्यावरच कोटी केली. त्याच्या चिन्हात कोलोसियम पेटलेलं, जे सम्राट नीरो मेल्यावर बांधलं गेलं!

हाच प्रोग्रॅम आपल्या फोटोवाल्यांकडे होता. तरी “सीडी जाळून देतो” असं मी कधी ऐकलं नाही. सीडी ‘मारत’, ‘राइट करत’. पोरं फार तर ‘बर्न’ म्हणत. शब्द उसना चालला, त्याचा अर्थ मराठीत आणायला जीभ तयार नव्हती. मला वाटतं, कारण आत लग्न होतं. ज्या भाषेत अशुभ शब्द टाळून नारळ वाढवतात, मंगळसूत्र वाढतं, दुकानही बंद न करता वाढवतात, ती अक्षता पडतानाचं चित्र जाळेल कशी?

यावर पहिला आक्षेप: मग ‘मारणं’ कसं चाललं? पण मराठीत मारणं केव्हाच हलकं झालंय. आपण शिट्टी मारतो, गप्पा मारतो, शिक्का मारतो. जाळण्याची धग मात्र गेलेली नाही. दुसरा आक्षेप जड आहे. ते यंत्र ‘सीडी रायटर’ म्हणूनच विकलं जाई, म्हणून ‘राइट’ आलं, शकुनाचा संबंध नाही. हे मी निम्मं मान्य करतो. यंत्रानं शब्द पुरवला. दोन शब्द समोर असताना लग्नघरानं कोणता उचलला, हे मात्र यंत्र ठरवत नाही.

आणि उचललेल्या शब्दाचं मूळही जुनं निघालं. इंग्रजी ‘राइट’चा मूळ अर्थ ओरखडणं. आपलं ‘लिहिणं’ ज्या संस्कृत ‘लिख्’पासून आलं, त्याचाही तोच. त्याचं जुनं रूप ‘रिख्’, त्यातून रेखा, आणि रेखेची रेघ.

भाग २ वर अशी एक रेघ आहे. सप्तपदीच्या पाचव्या पावलाला चित्राचे चौकोन होतात, आवाज अडकतो, आणि थेट पाठवणी सुरू होते.